हाताने केलेल्या नाताळच्या भेटी: बेताच्या पैशांत, पण माणूस ओळखून

नाताळ जवळ येतो तशी भेटींची यादी लांबत जाते, खिशातले पैसे मात्र तेवढेच राहतात. अशा वेळी "यंदा सगळं घरीच करू" हा विचार हमखास मनात येतो. विचार चांगला आहे, मी स्वतः बरीच वर्षं असंच करते आहे. सुरुवात पैशांच्या चणचणीमुळे झाली होती, आता आवड म्हणून करते. पण नव्याने सुरू करणाऱ्यांना एक गोष्ट कुणी नीट सांगत नाही. घरी केलेली भेट आपोआप स्वस्त होत नाही आणि आपोआप मनाला भिडणारीही होत नाही. साचे, रंग, रिबिनी, सुगंध, नवी हत्यारं असं सामान गोळा करत गेलं तर तयार वस्तू विकत घेणं परवडलं असतं, अशी वेळ येते. आणि सगळ्यांना एकसारखी बरणी वाटली तर ती छान दिसते, पण "ही माझ्यासाठी केली" असं घेणाऱ्याला वाटत नाही.

म्हणून इथे मी जो क्रम देते आहे, त्यात वस्तू बऱ्याच उशिरा येते. आधी माणसं, मग पैसे आणि तास, आणि त्यानंतर काय करायचं ते.

१. आधी माणसांची यादी करा

एक कागद घ्या आणि चार रकाने आखा. पहिल्यात नाव. दुसऱ्यात त्या माणसाचा दिवस कसा जातो ते: पहाटे उठून चालायला जातो, रात्री उशिरापर्यंत वाचतो, दिवसभर लहान बाळामागे असते. तिसऱ्यात तो सहज बोलून गेलेलं काहीतरी: "आजीच्या हातची ती चव पुन्हा कधी मिळाली नाही", "या जुन्या फोटोंमध्ये कोण कोण आहे कुणास ठाऊक". चौथ्या रकान्यात अडचणी लिहा: मधुमेह, शेंगदाणे-बदाम-अक्रोडांची किंवा ग्लुटेनची (गव्हातल्या चिकट प्रथिनाची) ॲलर्जी, उग्र वासाचा त्रास, घरात कुत्रा किंवा मांजर, लांब राहणं.

तिसरा रकाना भरायला वेळ लागतो आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. तो रिकामा राहत असेल तर पुढचे काही दिवस नुसतं ऐका. फोनवर बोलताना, जेवताना माणसं आपल्या गरजा अगदी साध्या शब्दांत सांगत असतात. ऐकलंत की त्याच दिवशी टिपून ठेवा, डिसेंबरमध्ये ते आठवत नाही.

मग यादी आखडती घ्या. हे कुणाला कोरडेपणाचं वाटेल, पण दमून, चिडून केलेल्या पंधरा भेटींपेक्षा मनापासून केलेल्या सात भेटी बऱ्या. नवरा, बायको आणि दोन मुलं अशा घराला चार वेगळ्या भेटी न देता घराची म्हणून एकच द्या. मोठं कुटुंब किंवा मित्रमंडळ असेल तर चिठ्ठ्या टाका, म्हणजे प्रत्येकाने एकाच माणसासाठी भेट करायची. हा विषय नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच काढा. तोपर्यंत बहुतेकांची खरेदी झालेली नसते आणि "यंदा घरी केलेल्याच भेटी देऊया का?" या प्रश्नाने बऱ्याच जणांना हायसं वाटतं. पैशांची चणचण एकट्या तुम्हालाच असते असं नाही, फक्त आधी कोणी बोलत नाही.

२. पैसे आणि तास, दोन्ही मोजा

एकूण किती खर्च करायचा तो आकडा आधी लिहा. त्यातली साधारण एक चतुर्थांश रक्कम बाजूला काढून ठेवा. बरण्यांची झाकणं, खोके, चिकटपट्टी, टपालखर्च आणि फसलेला एखादा घाणा, हे सगळं त्यातून भागवायचं. नवे लोक नेमके हेच खर्च धरत नाहीत. बिस्किटांचं सामान स्वस्त पडतं, पण ती ज्या डब्यात घालायची तो डबा त्याहून महाग निघतो.

आता तास. मधल्या जाडीच्या लोकरीचा साधा मफलर, म्हणजे सुमारे १८ ते २० सेंटीमीटर रुंद आणि दीड मीटर लांब, विणायला सरावाच्या हातालाही रोज थोडं थोडं करून आठवडाभर सहज लागतो आणि १५० ते २०० ग्रॅम लोकर जाते. नुकतं विणायला शिकलेल्या माणसाने पाच मफलरांचा संकल्प करू नये. एकच विणा, आणि ज्याला थंडी खरोखर बाधते त्यालाच द्या.

माझा स्वतःपुरता नियम असा आहे की एका भेटीसाठी नवं हत्यार घ्यायचं नाही. गोंद तापवणारी बंदूक, कागदाला छिद्रं पाडायचं यंत्र, सिलिकॉनचे साचे यांतलं काही लागलंच तर शेजारी मागा. मिळालं नाही तर भेट बदला.

३. एक किंवा दोनच प्रकार निवडा

सात माणसांसाठी सात वेगळ्या वस्तू करायला गेलात तर सात प्रकारचं सामान उरतं आणि एकाही कामात हात बसत नाही. एक मूळ प्रकार ठरवा, तो एकदम जास्त प्रमाणात करा आणि प्रत्येकासाठी त्यात थोडा फरक करा. वही सगळ्यांना एकाच पद्धतीने शिवलेली असली तरी आतला मजकूर वेगळा असतो. बिस्किटाच्या मिश्रणाची बरणी एकाच पद्धतीची असली तरी ज्याला मनुका आवडत नाहीत त्याच्या बरणीत त्या नसतात, आणि चिठ्ठीवर ते लिहिलेलंही असतं: "मनुका मुद्दाम घातलेल्या नाहीत." या एका ओळीची किंमत रिबिनीपेक्षा खूप जास्त आहे.

निवडताना चौथा रकाना समोर ठेवा. लांब राहणाऱ्याला काच पाठवू नका. ज्याच्या घरात वस्तू ठेवायला जागा नाही त्याला खाऊन किंवा वापरून संपणारं काहीतरी द्या.

४. सामान जमवा

आधी घरातच शोधा. हे सहसा सापडतं:

- झाकण घट्ट बसणाऱ्या काचेच्या रिकाम्या बरण्या
- जुन्या सुती चादरी, ओढण्या, न वापरलेलं कापड
- अर्धवट लोकर, जाड दोरा, सुतळी, बटणं
- जुने नकाशे, कॅलेंडरची पानं, खाकी कागद, चपलांची खोकी
- पोस्टकार्डं, जुने फोटो, हाताने लिहिलेल्या पाककृती

विकत घ्यायच्या यादीत बहुधा एवढंच उरतं: मैदा, साखर, मीठ, चांगला जाड कागद, मजबूत दोरा, पाण्याने न फिस्कटणारं पेन.

बरण्यांना जुन्या लोणच्याचा वास असेल तर खाण्याच्या सोड्याचं पाणी रात्रभर भरून ठेवा आणि झाकण उघडं ठेवून उन्हात वाळवा. काचेचा वास जातो, झाकणाच्या आतल्या रबराचा मात्र बरेचदा जात नाही. अशी झाकणं खाऊसाठी वापरू नका, त्या बरणीत बटणं किंवा चिठ्ठ्या भरा. चिकट लेबल कोमट पाण्यात भिजवून काढा, उरलेल्या गोंदावर थोडं खाद्यतेल आणि सोडा एकत्र करून चोळा.

५. २५ डिसेंबरपासून मागे मोजा

ऑक्टोबरमध्ये विणकाम आणि भरतकाम सुरू करा. सुक्या मेव्याचा मुरवायचा केक करणार असाल तर त्याला चार ते सहा आठवडे हवेत, म्हणजे तो नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत भाजून व्हायला हवा. रोपाच्या फांद्या पाण्यात ठेवायच्या असतील तर त्याही याच सुमारास ठेवा. वह्या नोव्हेंबरभरात शिवून लिहून होतात. मीठ-मैद्याची सजावट आणि मेणबत्त्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, संत्र्याच्या साली दुसऱ्या आठवड्यात आणि भाजलेली बिस्किटं शेवटच्या तीन-चार दिवसांत.

टपालाने जाणाऱ्या भेटी मात्र या हिशेबात बसत नाहीत, त्या सगळ्यांच्या आधी पूर्ण करा. डिसेंबरमध्ये टपालावर ताण असतो आणि अनेक टपाल खाती नाताळपूर्वीची शेवटची तारीख आधीच जाहीर करतात. ती पाहून भिंतीवर लिहून ठेवा.

६. नवख्या हातांना जमणाऱ्या भेटी

*आठवणींची किंवा पाककृतींची वही.* माझ्या मते कमी पैशांत याहून मोलाची भेट नाही, म्हणून हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

ए-फोर आकाराचे आठ कागद एकत्र मधोमध दुमडा, ३२ पानांची वही होते. वर त्याच आकाराचा जाड कागद वेष्टन म्हणून दुमडा. घडीच्या रेषेवर तीन छिद्रं पाडा: एक बरोबर मध्यभागी, बाकीची दोन वरच्या आणि खालच्या कडेपासून साधारण ३ सेंटीमीटर आत. सुईऐवजी टाचणीने आधी छिद्र पाडलं तर कागद फाटत नाही. दोरा वहीच्या उंचीच्या अडीचपट घ्या, म्हणजे इथे सुमारे ५५ सेंटीमीटर. सुई आतून मधल्या छिद्रातून बाहेर काढा, शेवटी दोऱ्याचं ८-१० सेंटीमीटर टोक आत राहू द्या. बाहेरून वरच्या छिद्रातून आत या. आतल्या बाजूने मधलं छिद्र ओलांडून थेट खालच्या छिद्रातून बाहेर पडा आणि परत मधल्या छिद्रातून आत या. आता दोऱ्याची दोन टोकं त्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना येतील अशी ठेवा, हलकेच ताणा आणि टाक्यावर गाठ मारा. ताणताना दोरा घडीच्या दिशेतच ओढा, पानाच्या दिशेने ओढला तर छिद्र चिरतं.

आत काय लिहायचं? कोरी वही दिलीत तर ती कपाटात पडून राहण्याची शक्यता जास्त. निदान काही पानं तुम्ही भरा. घरातल्या मोठ्या माणसाकडून दहा पाककृती त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. "अंदाजाने मीठ" असं ते म्हणाले तर तसंच लिहा, आणि शेजारी तुम्ही मोजून पाहिलेलं प्रमाण द्या. प्रत्येक पाककृतीखाली दोन ओळी हव्यात: ही कधी व्हायची, कुणाला आवडायची, कोणत्या भांड्यात शिजायची. भावंडासाठी वही असेल तर फक्त तुम्हा दोघांनाच ठाऊक असलेले प्रसंग लिहा. अक्षर सुंदर नसलं तरी चालतं, वाचता यावं एवढंच पाहा. लिहिण्याआधी कच्चा मजकूर दुसऱ्या कागदावर काढा. शेवटची सहा-आठ पानं कोरी ठेवा, घेणाऱ्याला भर घालता येते.

याच जातीची आणखी एक भेट म्हणजे जुन्या फोटोंची ओळख पटवून देणं. वडीलधाऱ्यांसोबत बसा, प्रत्येक फोटोत कोण आहे, कुठलं आहे, अंदाजे साल कोणतं हे विचारा आणि फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने अगदी हलक्या हाताने लिहा. पेनाची शाई काही वर्षांनी पुढच्या बाजूला उमटू शकते. फोनने फोटोंचे फोटो काढताना खिडकीजवळच्या पसरट उजेडात काढा, फ्लॅश बंद ठेवा. याला पैसा जवळजवळ लागत नाही, आणि ही माहिती सांगू शकणारी माणसं कायम असतात असं नाही. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

*बिस्किटाच्या मिश्रणाची बरणी.* एक लिटरची, पूर्ण कोरडी बरणी घ्या. १६५ ग्रॅम मैद्यात एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा आणि पाव चमचा मीठ चाळून मिसळा आणि तळाशी भरा. (चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा, चहाचा.) त्यावर ९० ग्रॅम ओट्स, मग १०० ग्रॅम ब्राउन शुगर, १०० ग्रॅम पांढरी साखर, ९० ग्रॅम चॉकलेटचे तुकडे आणि सगळ्यात वर ५५ ग्रॅम अक्रोड किंवा मनुका. प्रत्येक थर चमच्याच्या पाठीने दाबा, नाहीतर झाकण बसत नाही. वर पोकळी राहिली तर ती ओट्सने भरा, कारण जागा असली की थर प्रवासात मिसळतात.

चिठ्ठीवर लिहा: ११५ ग्रॅम मऊ लोणी, एक अंडं आणि एक चमचा व्हॅनिला फेटून घ्या, बरणीतलं सगळं त्यात मिसळा, लिंबाएवढे गोळे अंतर राखून ठेवा आणि १८० अंश सेल्सिअसला ११ ते १३ मिनिटं भाजा. सुका मेवा खवट होतो, म्हणून "दोन महिन्यांत वापरा" हेही लिहा. ज्याच्याकडे ओव्हन नाही त्याला ही बरणी देऊ नका, भाजलेली बिस्किटंच द्या. आणि वाटण्यापूर्वी एकदा स्वतः याच प्रमाणाने करून पाहा.

*साखरेत मुरवलेल्या संत्र्याच्या साली.* फेकून द्यायच्या सालींपासून होते, म्हणून ही मला फार आवडते. चार मोठी, जाड सालीची संत्री गरम पाण्यात ब्रशने घासून धुवा, सालीवर बरेचदा मेणाचा थर असतो. साली अर्धा सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्यांत कापा. गार पाण्यात घालून उकळी आणा, दहा मिनिटं उकळा, पाणी फेका. असं तीनदा करा. कडवटपणा याच पाण्यातून जातो, इथे घाई केली तर सगळं कडू राहतं. मग दोन कप साखर आणि दोन कप पाण्याच्या पाकात मंद आचेवर ४५ मिनिटं ते तासभर शिजवा. पट्ट्या काचेसारख्या पारदर्शक दिसू लागल्या की झालं. पाक ढवळत बसू नका, साखर परत दाणेदार होते. जाळीवर रात्रभर वाळवा, दुसऱ्या दिवशी साखरेत घोळवा. आतून ओलसर असताना बरणीत भरल्या तर बुरशी येते, बोटाला चिकटेनाशा होईपर्यंत थांबा. उरलेला पाक छोट्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, चहात किंवा केकवर छान लागतो.

*मीठ-मैद्याची सजावट.* दोन कप मैदा, एक कप बारीक मीठ आणि लागेल तसं पाऊण ते एक कप पाणी. आठ-दहा मिनिटं चांगलं मळा. अर्ध्या सेंटीमीटरची पोळी लाटून तारे, पानं, घंटा कापा. दोऱ्यासाठी छिद्र भाजण्याआधी पाडा, नंतर पाडता येत नाही. १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवा, मधे एकदा उलटा. आच वाढवली तर फुगतात आणि तडकतात. ओव्हन नसेल तर रोज उलटत चार-पाच दिवस हवेवर वाळवा, दमट हवेत याहून जास्त वेळ लागेल. रंगवून झाल्यावर दोन्ही बाजूंना आणि छिद्राच्या आतही व्हार्निश लावा, नाहीतर मीठ हवेतलं पाणी ओढून सजावट मऊ पडते. मागे घेणाऱ्याचं नाव आणि साल कोरलंत तर ती दरवर्षी झाडावर चढते. बाळाच्या हाताचा ठसा घेऊन आजी-आजोबांना देण्यासाठीही हेच पीठ वापरा.

घरात कुत्रा असेल तर ही भेट टाळा. एवढं मीठ कुत्र्याच्या पोटात गेलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं.

*मेणबत्ती.* जुन्या जाड कपात करता येते. चिरलेला कप किंवा पातळ काचेचा ग्लास मुळीच नको, तो तडकतो. वात मेणाच्या थेंबाने तळाला चिकटवा आणि वर आडव्या पेन्सिलीला बांधून मधोमध उभी ठेवा. मेण थेट आचेवर कधीही वितळवू नका. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवा आणि त्यात लहान भांड्यात मेण ठेवा. सोया मेण असेल तर ७५-८० अंशांपर्यंत तापवून ६० अंशांच्या आसपास ओता, फार गरम ओतलं तर मधे खड्डा पडतो. रंगासाठी मेणाचे खडू किसून घालायचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका, खडूतल्या रंगाचे कण वातीत अडकतात आणि ज्योत नीट जळत नाही. सुगंध नसला तरी चालतं, तेलं महाग असतात आणि अनेकांना त्रासही होतो. मेण पेटलंच तर पाणी टाकू नका, आच बंद करून भांड्यावर झाकण ठेवा. उरलेलं मेण बेसिनमध्ये ओतू नका. भेटीसोबत चिठ्ठी द्या: प्रत्येक वेळी वात अर्धा सेंटीमीटर ठेवून कापा, एका वेळी चार तासांपेक्षा जास्त जाळू नका, खोलीत एकटी जळती ठेवू नका.

*रोप.* मनीप्लांटची फांदी पेराच्या खाली कापा, ते पेर पाण्यात बुडेल अशी ठेवा, दर चार-पाच दिवसांनी पाणी बदला. दोन ते चार आठवड्यांत मुळं येतात. हे झाड कुत्र्या-मांजरांनी चावलं तर त्यांच्या तोंडाची आग होते, तेव्हा चौथा रकाना पुन्हा बघा.

*वेळ.* "कधीही हाक मार" असं लिहिलेली चिठ्ठी कुणी वटवत नाही, माणसांना मागायला संकोच वाटतो. म्हणून तारीख घालून लिहा: "१० आणि २४ जानेवारीला संध्याकाळी ६ ते ९ मी बाळाला सांभाळते, तुम्ही दोघं बाहेर जा." किंवा "फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी येऊन तुमच्या संगणकातले सगळे फोटो लावून देतो." तारीख बदलायला हरकत नाही, पण ठरवलेली असली की ती घडते.

७. या भेटी पहिल्या वर्षी नकोत

लसूण किंवा ताजी पानं घातलेलं तेल बाटलीत सुंदर दिसतं, पण ते बाहेर ठेवलं तर त्यात बोट्युलिझमचे, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या अन्नविषबाधेचे, जंतू वाढू शकतात. वासावरून किंवा चवीवरून ते कळत नाही. घरी डबाबंद केलेल्या भाज्यांचंही तेच.

पूर्ण सुरुवातीपासून केलेला साबण कॉस्टिक सोड्याशिवाय होत नाही. तो कातडी आणि डोळे भाजतो, शिवाय साबण मुरायला चार ते सहा आठवडे लागतात. शिकायचंच असेल तर जाणकारासोबत, निवांत वेळी शिका.

मध घातलेला कोणताही खाऊ एक वर्षाखालच्या बाळासाठी देऊ नका.

८. प्रत्येक भेटीवर चिठ्ठी हवीच

खाऊ असेल तर: नाव, त्यातले सगळे जिन्नस, केल्याची तारीख, किती दिवसांत संपवायचा, कुठे ठेवायचा. "सगळे" म्हणजे खरंच सगळे. ज्या भांड्यात आधी शेंगदाणे दळले त्यातच पीठ मळलं असेल तर तेही लिहा. ॲलर्जी असलेल्या माणसाला घरचा खाऊ घ्यायला भीती वाटते, आणि नीट लिहिलेली चिठ्ठी पाहिली की तो तुमच्यावर विश्वास टाकतो.

९. वेष्टन

खाकी कागद, सुतळी आणि एखादी हिरवी डहाळी पुरते. बटाटा अर्धा कापून त्यावर तारा कोरा, कापलेली बाजू कापडाने कोरडी करा आणि रंगात बुडवून ठसे उमटवा, मुलं हे काम आनंदाने करतात. याहून चांगला पर्याय कापड. ७० सेंटीमीटरचा चौकोन कापून मधोमध वस्तू ठेवा, समोरासमोरची टोकं गाठीने बांधा. बरणी, वही, डबा सगळं यात बसतं आणि कापड पुन्हा वापरता येतं. चमकी लावलेला कागद टाळा, तो रद्दीतही घेत नाहीत.

१०. टपालाने पाठवताना

वही, फोटो, पत्र, विणलेलं किंवा शिवलेलं काहीही सुखरूप जातं आणि वजनाला हलकं असतं. बिस्किटं पाठवायची तर जाड, सुकी पाठवा, क्रीमची नकोत. दोन-दोन पाठीला पाठ लावून गुंडाळा. खोक्याच्या प्रत्येक बाजूला ५ सेंटीमीटर तरी चुरगळलेला कागद भरा आणि बंद करण्याआधी हलवून पाहा. आवाज आला तर आणखी भरा. परदेशी पाठवण्याआधी त्या देशात काय चालत नाही ते पाहून घ्या: घरचा खाऊ, बिया, रोपं यांवर अनेक ठिकाणी बंधनं असतात. पत्ता खोक्याच्या आतही एका कागदावर लिहून ठेवा.

११. देताना

"काही विशेष नाही, घरीच केलंय" असं म्हणू नका. हे वाक्य जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी येतं आणि त्याने घेणाराही अवघडतो. त्याऐवजी ही त्याच्यासाठीच का केली ते एका वाक्यात सांगा, किंवा सोबतच्या कार्डावर लिहा: "उन्हाळ्यात तू म्हणाली होतीस की आईच्या हातच्या भाज्या आता कुणालाच येत नाहीत. यात अकरा आहेत." समोरच्याने महागाची भेट दिली तर मनमोकळेपणाने घ्या आणि त्याची भरपाई करण्यासाठी ऐनवेळी काही विकत आणू नका.

यादीतली एखादी भेट २४ तारखेच्या रात्री अपुरी राहिली तर जागरण करून ती बिघडवू नका. नाताळचे बारा दिवस ६ जानेवारीच्या एपिफनीच्या सणापर्यंत चालतात, आणि तीन ज्ञानी पुरुषांनी बाळ येशूला भेटी आणल्या त्याची आठवण त्याच दिवशी केली जाते. त्या दिवशी दिलेली भेट उशिराची ठरत नाही. २५ तारखेला फक्त कार्ड द्या, त्यात तारीख लिहा, आणि उरलेलं विणकाम किंवा लिखाण शांतपणे पुरं करा.

सगळं आवरलं की तोच चार रकान्यांचा कागद काढा आणि प्रत्येक नावापुढे काय दिलं, किती तास गेले, किती खर्च आला ते टिपा. कागद रिकाम्या बरण्यांच्या खोक्यातच ठेवा.